बांधावरचं गवत आणि पोरांचं नाक



या पानावर कांदा, डाळिंब, मका, बाजरी यांच्याच नोंदी असतात. आजची नोंद लहान पोरांच्या नाकाची आहे. तरी ती इथंच टाकतोय, कारण ज्या गोष्टीनं ते नाक गळतं ती आपल्या बांधावर, शेतात आणि कांद्याच्या चाळीत तयार होते. औषध डॉक्टर देतील, पण बांध साफ करायला डॉक्टर येणार नाहीत.

माझी मुलगी आता पाच वर्षांची आहे. गेले तीन पावसाळे पोळ्याच्या आसपास तिच्या शिंका सुरू होतात, त्या दिवाळीच्या तोंडाशी थांबतात. सकाळी उठली की एका दमात दहा-बारा शिंका. नाकातनं पाण्यासारखी धार, डोळे लाल, आणि तळहातानं नाक खालून वर चोळायची सवय. ताप नाही, भूक बरी, खेळणं चालू. पावसाळ्यात कुठल्या पोराला सर्दी नसते? म्हणून यातलं वेगळेपण चटकन कळत नाही.

ते कळलं शेताच्या वहीमुळं. पेरणी कधी, फुलोरा कधी, कोणती फवारणी कधी, हे मी वहीत लिहितो. मुलीच्या आईनं त्याच वहीच्या कडेला बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली: 'आज शिंका', 'आज डोळे लाल', 'आज बरी'. मालेगावच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "नेमकं कधी सुरू होतं आणि कधी थांबतं?" आम्ही वही पुढं ठेवली. बाजरी निसवल्याची तारीख आणि शिंकांची तारीख शेजारी-शेजारीच होती. पुढच्या वर्षीही तसंच. उन्हाळ्यात एक नोंद नाही, जूनमध्ये एक नोंद नाही. बाई म्हणाल्या, ही साधी सर्दी नाही, परागकणांची अ‍ॅलर्जी दिसतेय.

इंग्रजीत याला 'हे फीवर' म्हणतात, म्हणजे वाळल्या गवताचा ताप. नाव दोन्हीकडून चुकीचं आहे. यात ताप नसतो, आणि दोष वाळल्या गवताचा नसून फुलावर आलेल्या गवताचा असतो. लंडनचे डॉक्टर जॉन बॉस्टॉक यांना स्वतःलाच दर उन्हाळ्यात हा त्रास व्हायचा. त्यांनी १८१९ मध्ये आपलीच लक्षणं लिहून मांडली. पुढं मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःच्या नाकावर प्रयोग करून, पतंगाला चिकट पट्ट्या लावून वरच्या हवेतले कण पकडून, १८७३ च्या पुस्तकात दाखवलं की हे काम गवताच्या परागाचं आहे. म्हणजे या रोगाचं गूढ उकललं ते वेळच्या वेळी नोंदी ठेवणाऱ्या माणसांनी. आपण शेतकरी तेच तर करतो.

आता शेतीच्या भाषेत बघू. काही फुलांचा पराग कीटक वाहतात, काहींचा वारा. डाळिंब, कांद्याचा डोंगळा, शेवगा यांचा पराग चिकट असतो. तो मधमाशीच्या पायाला लागतो, हवेत फार उडत नाही. डाळिंबाच्या बागेला बिचारीला उगाच दोष देऊ नका. गवत, बाजरी, ज्वारी, मका यांचा पराग मात्र वाऱ्यावर जातो. त्यातही मक्याचा पराग जाड आणि जड, त्यातला बहुतेक शेताच्या आसपासच पडतो. बांधावरच्या गवतांचा बारीक पराग मात्र कोसभर सहज जातो. तुऱ्यातनं पराग झडतो तो बहुतेक सकाळी, ऊन चढून दव वाळलं की. म्हणून सकाळचे तास सगळ्यात त्रासाचे. चांगला पाऊस पडून गेला की हवा धुतली जाते आणि पोरांना एक दिवस आराम मिळतो. ही गोष्टही आमच्या वहीत स्पष्ट दिसते.

यात सगळ्यात वाईट पाहुणा म्हणजे गाजर गवत. कुणी काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटकचांदणी. आपल्या देशात ते ठळकपणे नजरेस आलं ते १९५५ च्या सुमारास पुण्यात, आणि आज मोसम खोऱ्यातला एकही रस्ता, एकही पडीक कोपरा त्याच्याविना नाही. एका झाडाला १०,००० च्या वर बी धरतं. ओल मिळाली की वर्षभर कधीही उगवतं आणि महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. हाताला लागलं तर खाज आणि चट्टे, आणि पराग नाकात गेला तर शिंका. अंगणवाडीच्या कुंपणाला, शाळेच्या मैदानाच्या कडेला, पाण्याच्या टाकीखाली ते सर्रास उभं असतं. म्हणजे नेमकं जिथं पोरं खेळतात तिथं.

त्याचा बंदोबस्त फुलावर यायच्या आधी करायचा, हे एकच तत्त्व लक्षात ठेवा. पाऊस पडून जमीन मऊ असताना मुळासकट उपटा. हातमोजे घाला, अंगभर कपडे घाला, नाकाला रुमाल बांधा. फूल नसलेलं गवत कंपोस्टच्या खड्ड्यात चालतं, फूल आलेलं टाकू नका, नाहीतर खताबरोबर बी शेतात परत येईल. जिथं उपटलं तिथं तरोटा वाढू द्या, तो गाजर गवताला दाबून धरतो. मेक्सिकन भुंगा तुम्ही पाहिला असेल, पांढुरक्या पाठीवर काळ्या रेघा असलेला. १९८३ मध्ये तो मेक्सिकोहून बंगळूरला आणला आणि पुढच्या वर्षापासून सोडायला सुरुवात झाली. पावसाळ्यात तो गाजर गवताची पानं खाऊन झाड बोडकं करतो. दिसला तर त्याला कीड समजून मारू नका. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा गाजर गवत जागृतीसाठी पाळतं. आपल्याकडं तो आठवडा म्हणजे पोळ्याच्या आधीचा, अगदी नेमका काळ.

दुसरी जागा कांद्याची चाळ. उन्हाळ कांदा आपण मार्च ते मे भरतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात निवडून मार्केटला नेतो. तोवर बऱ्याच कांद्यांच्या पातीखाली काळी बुरशी धरलेली असते. कांदा हलवला की काळी भुकटी उडते, ती बुरशीच्या बीजाणूंची असते. वरनं सालपटाची धूळ. कांदा निवडून घरी आलेल्या माणसाच्या नाकातनं काळं येतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मोठ्या माणसाच्या नाकात केस आहेत, तो तोंड बांधतो, बाहेर जाऊन श्वास घेतो. पण त्याच चाळीत झोळी बांधून मजूर बाईचं आठ महिन्यांचं लेकरू निजवलेलं असतं. त्याला कुठं जाता येतं? हडंब्यावर बाजरी काढताना उडणाऱ्या भुस्कटाचंही तसंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वयाचं. परागाची अ‍ॅलर्जी जन्मतः नसते. शरीराला त्या परागाची ओळख व्हायला एक-दोन हंगाम जावे लागतात. त्यामुळं दोन वर्षांच्या आतल्या बाळाचं नाक गळत असेल तर बहुतेक वेळा ती विषाणूची सर्दी असते, अ‍ॅलर्जी नव्हे. हे मी पुस्तकी सांगत नाही, आमच्या एकाच घरात एकाच आठवड्यात दोन्ही गोष्टी झाल्या.

मागच्या सप्टेंबरात मुलीच्या शिंका सुरू होत्या, आणि धाकट्या भावाच्या सात महिन्यांच्या मुलाचंही नाक गळायला लागलं. घरात मुलीचं सिरप होतं. आईचं म्हणणं, एकाच घरातली पोरं, एकच हवा, त्यातलंच अर्धं झाकण बाळाला द्या. "काही व्हत नही त्याले." भावजय मात्र अडून बसली. तिनं बाळाचा सदरा वर केला आणि आशाताईंनी शिकवलं होतं तसं घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. ५८ भरले. शिवाय श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात होती, आणि दूध ओढताना ते मध्येच सोडून देत होतं. त्याच रात्री मालेगावला नेलं. छातीतल्या बारीक श्वासनळ्यांना सूज आली होती, विषाणूमुळं. दोन रात्री ऑक्सिजनवर राहिलं आणि तिसऱ्या दिवशी हसत घरी आलं. सिरपनं ते बरं झालं नसतं. झोपेत गेलं असतं, आणि बाळ शांत झालं म्हणून सगळे निर्धास्त झोपले असते.

म्हणून हे आकडे घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा. बाळ शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, पूर्ण एक मिनिट मोजायचं.

दोन महिन्यांच्या आतलं बाळ: ६० किंवा जास्त श्वास, म्हणजे धोका.
दोन महिने ते एक वर्ष: ५० किंवा जास्त.
एक ते पाच वर्षं: ४० किंवा जास्त.

यांतलं काही दिसलं, किंवा छाती आत ओढली जातेय, ओठ निळसर झालेत, बाळ दूध घेत नाही, श्वासाला शीळ वाजल्यासारखा आवाज आहे, बाळ सुस्त पडलंय, तर कांद्याचा लिलाव असो की लग्न असो, थांबायचं नाही. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा.

आता अ‍ॅलर्जी आणि सर्दी ओळखायची कशी? सर्दीत बहुतेकदा थोडा ताप असतो, शेंबूड पुढं घट्ट होतो, आठ-दहा दिवसांत बरं होतं आणि घरात आणखी कुणाला तरी झालेली असते. अ‍ॅलर्जीत ताप नाही, पाणी पातळच राहतं, खाज फार, शिंका लागोपाठ, आणि ते आठवडेच्या आठवडे चालतं. पोर नाक सारखं वर चोळत असेल तर नाकावर आडवी घडी पडते. डोळ्यांखाली काळसर छाया येते. रात्री तोंड उघडं ठेवून घोरतं. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे दरवर्षी त्याच हंगामात येतं. या पोरांना रात्रीचा खोकला किंवा पळताना धाप लागत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. नाकाची अ‍ॅलर्जी आणि दमा ही बऱ्याचदा सख्खी भावंडं असतात.

औषधाचं बोलू. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या सिरपमुळं वीसहून जास्त लेकरं गेली. त्यातली काही आपल्या नागपुरात उपचार घेताना गेली. त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं, त्यानं किडन्या बंद पडल्या. त्याच ऑक्टोबरात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं सांगितलं की दोन वर्षांच्या आतल्या बाळांना खोकला-सर्दीची औषधं लिहून देऊ नयेत, आणि पाच वर्षांच्या आतही ती साधारणपणे टाळावीत. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना वापरू नये, असा इशारा बाटलीवर छापायला औषध नियंत्रकांनी सांगितलं होतं. आपण कीटकनाशकाच्या डब्यावरचा लाल-पिवळा त्रिकोण बघतो, मात्रा बघतो, काढणीपूर्व किती दिवस ते बघतो. मग पोराच्या बाटलीवरचं लेबल न वाचता कसं चालेल? मेडिकलवाल्या भाऊंना 'सर्दीचं काहीतरी द्या' म्हणू नका.

मुलीला डॉक्टरांनी वजनावरून मोजून अ‍ॅलर्जीचं औषध दिलं आणि हंगामापुरता नाकाचा फवारा दिला. तो फवारा दोन वर्षांखालच्या बाळांसाठी नसतो, आणि कोणता, किती, कधीपर्यंत हे डॉक्टरच ठरवतात. त्याचं काम आपल्या भाषेत सांगायचं तर प्रतिबंधक फवारणीचं आहे. करपा पानावर दिसल्यावर मारलेलं बुरशीनाशक आणि आधी मारलेलं, यात काय फरक पडतो ते तुम्हाला ठाऊक आहे. हा फवाराही तसाच, हंगामाच्या आधी आठ-पंधरा दिवस सुरू करायचा आणि रोज द्यायचा. एक दिवस मारून 'गुण नाही' म्हणून फेकून द्यायचा नाही. नाक झटक्यात मोकळं करणारे थेंब ही वेगळी चीज आहे. ते बाळाला घालू नका, आणि मोठ्यांनीही तीन-चार दिवसांपुढं वापरले तर नाक उलट जास्त चोंदतं.

घरगुती उपायांवर आईशी बरेच वाद झाले, पण ती आता माझ्या बाजूनं आहे. बाळाला अंघोळीनंतर ओवा-लसणाची धुरी देण्याची आपल्याकडं रीत आहे. धूर हा सुजलेल्या नाकाला आणखी सुजवतो, तो ओव्याचा असो, चुलीचा, डासांच्या अगरबत्तीचा की विडीचा. बाळाच्या नाकात तेल सोडू नका, ते फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. कापराचा बाम दोन वर्षांखालच्या बाळाला लावू नका, कापूर बाळाला विषारी आहे. उकळत्या पाण्याच्या वाफेनं पोरं भाजतात. मध एक वर्षाच्या आत चाटवू नका. चालतं ते असं: मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मेडिकलमध्ये मिळतात, दूध पाजायच्या आधी दोन्ही नाकपुड्यांत एक-दोन थेंब घालून मऊ कापडानं पुसून घ्या. लहान बाळ नाकानंच श्वास घेतं, नाक मोकळं झालं की दूध नीट ओढतं. अंगावरचं दूध चालूच ठेवा.

हंगामात आम्ही घरी काय पाळतो ते लिहितो. यातलं एकही खर्चाचं नाही.

१) शेतातनं आलं की आधी हात-पाय-तोंड धुणं, सदरा बदलणं, मगच लेकराला उचलणं. आपल्याच कपड्यांवरनं पराग घरात येतो.
२) पोर बाहेर खेळून आलं की तोंड धुवायचं, झोपायच्या आधी अंघोळ, डोकं ओलं करून पुसायचं.
३) सकाळी दहा-अकरापर्यंत शेताकडच्या खिडक्या बंद. पाऊस पडून गेला की सगळ्या उघड्या.
४) पोरांचे कपडे आणि गोधड्या गच्चीवर नाही, पडवीत वाळत घालायच्या.
५) घर झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसायचं. झाडायचंच असेल तर पोर बाहेर असताना.
६) बाजरीचं सरमाड, कुट्टी, कडबा निजायच्या खोलीला लागून रचायचा नाही.
७) मळणी, चाळ निवडणं आणि फवारणी चालू असताना पाच वर्षांखालचं कुणीही तिथं नको. दोन वर्षांखालच्या बाळाच्या तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधायचा नाही, त्यानं गुदमरतं.

सातवा मुद्दा लिहायला सोपा आहे, पाळायला नाही. चाळीवर येणाऱ्या ताईला बाळ घरी ठेवायला कुणी नसतं. 'बाळ आणू नका' म्हटलं तर तिचा रोज बुडतो. हे सांगणं म्हणजे उपाय नव्हे. आम्ही यंदा असं केलं: झोळी चाळीत न बांधता वाऱ्याच्या वरच्या अंगाला, पन्नास-साठ पावलं लांब, कडुनिंबाखाली बांधली. बायांपैकी एकीनं आळीपाळीनं पोरांजवळ बसायचं आणि तिचा रोज पूर्ण द्यायचा. दूध पाजायला जाताना ताईनं वरचा सदरा काढून हात-तोंड धुवायचं, त्यासाठी पाण्याचा ड्रम तिथंच ठेवला. एका माणसाची मजुरी कांद्याच्या एका ट्रॅक्टरमागं किती पडते याचा हिशेब प्रत्येकानं करावा. मी केला, आणि पुढच्या वर्षीही हेच करणार आहे.

बांधाचंही तसंच आहे. माझा बांध मी साफ केला आणि शेजारच्याचा फुलला, तर माझ्या पोरीला काय फरक पडणार? वारा सातबारा बघत नाही. अंगणवाडीचं कुंपण, शाळेचं मैदान, स्मशानाचा रस्ता, मार्केटची मागची बाजू ही कुणाच्याच नावावर नाही, म्हणून तिथलं गाजर गवत कमरेएवढं होतं. या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, पांढरी फुलं दिसायच्या आत, गल्लीतली आठ-दहा माणसं एक सकाळ द्या. अंगणवाडीपासून सुरुवात करू. कोयता नको, हातमोजे आणा. कापलेलं परत फुटतं, उपटलेलं फुटत नाही.

आणि शेताच्या वहीत पोरांसाठी एक रकाना आखा. पेन्सिलीनं का होईना.